अभ्यासिकेत दूरच्या कोपऱ्यातील मुलांनाही फ्लू कसा झाला? श्वासातील तुषारांबद्दल शंका

लालबागची_वाचक

नमस्कार. आमच्या मंडळाची अभ्यासिका लालबागमधील एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. घरी एका खोलीत चार-पाच माणसे, टीव्ही आणि स्वयंपाक असा संसार असल्यामुळे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली रात्री उशिरापर्यंत येथेच बसतात. गेल्या उन्हाळ्यात एका देणगीदारांनी दोन स्प्लिट एअर कंडिशनर बसवून दिले. तेव्हापासून खिडक्या बंद असतात, आणि पावसाळ्यात तर त्या उघडण्याचा प्रश्नच येत नाही.

जुलैमध्ये एक विद्यार्थी खोकत असतानाही परीक्षा जवळ आल्यामुळे रोज येत राहिला. त्यानंतरच्या आठवड्यात बरीच मुले तापाने आजारी पडली, आणि ज्यांची तपासणी झाली त्यांच्यापैकी काहींच्या अहवालात इन्फ्लुएन्झा ए आढळला. आम्ही टेबलांमध्ये अंतर ठेवले आहे, प्रत्येक जागेला ॲक्रिलिकचा आडोसा आहे आणि दारात सॅनिटायझर आहे. खोकणारा मुलगा दाराजवळ बसत असे, तर आजारी पडलेल्यांपैकी काही जण समोरच्या भिंतीच्या कोपऱ्यात बसणारे होते आणि त्यांचा त्याच्याशी बोलण्याचाही संबंध येत नसे.

खोकल्यातून उडणारे तुषार तीन ते सहा फुटांच्या आत खाली पडतात, असे आपण सर्वांनी करोनाच्या काळात वाचले आणि भिंतींवर रंगवलेलेही पाहिले. तसे असेल तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला हा आजार पोहोचला कसा? विश्वस्तांपैकी काहींना एअर कंडिशनर काढून टाकावेत असे वाटते, तर मुलांना ते हवे आहेत. समितीपुढे मला कारणांसह बोलायचे आहे, म्हणून कृपया या विषयाची जाण असलेल्यांनी सविस्तर लिहावे.

---

सूक्ष्मकण_पवई

ताई, प्रश्न अगदी नेमका आहे. हवेत तरंगणाऱ्या कणांचा अभ्यास हे माझे काम असल्यामुळे मी फक्त भौतिकशास्त्राच्या बाजूने लिहितो. आजाराबद्दल डॉक्टरांनी लिहिलेले बरे.

आपण तोंडावाटे आणि नाकावाटे जे बाहेर टाकतो, त्यात एकाच मापाचे थेंब नसतात. शिंकताना दिसणारे शिंतोडे काहीशे मायक्रॉन जाडीचे असू शकतात, तर शांतपणे श्वास घेतानाही बाहेर पडणारे असंख्य कण एका मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून लहान असतात. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) मोठे थेंब मुख्यतः तोंडातील लाळेचे असतात. बारीक कण फुप्फुसांच्या खोल भागात तयार होतात. श्वास सोडताना तेथील अगदी अरुंद नलिका मिटतात आणि पुढचा श्वास घेताना त्या उघडू लागल्या की त्यांच्या आतील द्रवाचा पातळ पडदा फुटतो व त्याचे सूक्ष्म तुषार होतात. स्वरतंतूंच्या कंपनामुळेही असे कण निर्माण होतात, आणि म्हणूनच हळू बोलण्यापेक्षा मोठ्याने बोलताना किंवा गाताना ते कितीतरी अधिक प्रमाणात बाहेर येतात. इन्फ्लुएन्झाचा विषाणू सुमारे ०.१ मायक्रॉनचा असतो, त्यामुळे एका मायक्रॉनच्या कणातही त्याला पुरेशी जागा असते.

आता हे कण खाली पडायला किती वेळ घेतात ते पाहू. स्थिर हवेत, उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून, म्हणजे साधारण दीड मीटरवरून, १०० मायक्रॉनचा थेंब पाच-सहा सेकंदांत जमिनीवर येतो. १० मायक्रॉनच्या कणाला आठ मिनिटांच्या आसपास लागतात. ५ मायक्रॉनचा कण अर्ध्या तासाहून अधिक काळ हवेत राहतो, आणि १ मायक्रॉनच्या कणाला जवळजवळ बारा तास लागतात. हे गणित स्थिर हवेचे आहे. पंखा, एअर कंडिशनर, माणसांची ये-जा आणि शरीराच्या उष्णतेमुळे वर चढणारी हवा यांमुळे खोलीतील हवा कधीच स्थिर नसते, त्यामुळे लहान कणांच्या बाबतीत ‘पडणे’ ही गोष्ट जवळपास गौणच ठरते. ते हवेबरोबर जातात आणि हवा जिथे जाते तिथे पोहोचतात.

यात बाष्पीभवनाची भर पडते. मध्यम आकाराचा थेंब बाहेर पडताच त्यातील पाणी उडू लागते आणि काही सेकंदांत क्षार, प्रथिने, श्लेष्मा आणि असल्यास विषाणू एवढाच ऐवज उरतो. त्याचा व्यास मूळच्या तिसऱ्या-पाचव्या हिश्श्याइतका होतो. म्हणजे जो थेंब जमिनीकडे निघाला होता, तो वाटेतच हलका होऊन हवेत राहतो. मुंबईच्या पावसाळी दमट हवेत हे सुकणे मंदावते, पण एअर कंडिशनर खोलीतील बाष्पही काढून घेत असल्यामुळे आपल्या बंद अभ्यासिकेत मुंबईची हवा नसतेच.

हे सारे नव्याने कळले आहे असेही नाही. विल्यम वेल्स या अमेरिकन संशोधकाने १९३४ मध्येच थेंबाचे पडणे आणि सुकणे यांतील शर्यत मांडून दाखवली होती. सुमारे १०० मायक्रॉनपेक्षा मोठे थेंब सुकण्याआधी खाली येतात आणि त्याहून लहान थेंब सुकून हवेत तरंगत राहतात, असा त्याचा निष्कर्ष होता. तरीही पुढे अनेक दशके वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत ही सीमारेषा ५ मायक्रॉनवर आखलेली राहिली. ५ मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसांच्या अगदी आतपर्यंत जाऊ शकतात, ही क्षयरोगाच्या अभ्यासात महत्त्वाची असलेली गोष्ट ‘५ मायक्रॉनपेक्षा मोठे कण हवेत राहत नाहीत’ या वेगळ्याच विधानाशी मिसळली गेली. त्याआधी १९१० मध्ये चार्ल्स चॅपिन या अमेरिकन आरोग्याधिकाऱ्याने आजार हवेतून नव्हे तर स्पर्शातून आणि जवळच्या तुषारांतून पसरतात असा जोरदार पुरस्कार केला होता. ‘दूषित हवे’च्या जुन्या समजुती मोडून काढण्यासाठी त्या काळी ते उपयुक्तही होते, पण त्या मताचा पगडा फार काळ टिकला. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हवेतून पसरत नाही असे ठामपणे जाहीर केले. जुलै २०२० मध्ये लिडिया मोरावस्का आणि डोनाल्ड मिल्टन यांनी लिहिलेल्या आणि २३९ शास्त्रज्ञांनी पाठिंबा दिलेल्या पत्राने त्याला आव्हान दिले, आणि २०२४ मध्ये त्याच संघटनेने ‘थेंब’ आणि ‘हवेतील कण’ ही कप्प्यांची विभागणी सोडून श्वासातून येणाऱ्या सर्व मापांच्या संसर्गजन्य कणांना एकाच साखळीत बसवले. भिंतींवर रंगवलेली सहा फुटांची रेघ ही त्या जुन्या विभागणीची खूण आहे.

इन्फ्लुएन्झाच्या बाबतीत तर आपल्या अभ्यासिकेशी फार जुळणारे उदाहरण उपलब्ध आहे. १९७७ मध्ये अलास्कात इंजिनात बिघाड झाल्यामुळे एक विमान सुमारे तीन तास जमिनीवर खोळंबले. त्यात ५४ माणसे होती आणि त्या वेळात विमानाची वायुवीजन यंत्रणा बंद होती. प्रवाशांपैकी एकाला फ्लू झालेला होता. पुढील ७२ तासांत प्रवाशांपैकी ७२ टक्के लोक आजारी पडले. त्या सर्वांनी त्याच्या तोंडासमोर सहा फुटांत तीन तास काढले असणे शक्य नव्हते.

अंतराला अर्थच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. बोलणाऱ्याच्या तोंडासमोर कणांची घनता सर्वाधिक असते, त्यामुळे जवळ बसणाऱ्याचा धोका नेहमीच जास्त असतो. अंतर वाढवले की तो धोका कमी होतो, पण खोलीत साचत जाणाऱ्या कणांपासून अंतर वाचवत नाही. ॲक्रिलिकच्या आडोशाचेही तसेच आहे. तो समोरून आलेला शिंतोडा अडवतो, परंतु बारीक कण त्याच्या वरून आणि बाजूने हवेबरोबर सहज पलीकडे जातात, आणि आडोशांची दाटी झाली तर त्यांच्यामध्ये हवा अडकून राहू शकते. मुले एकमेकांकडे तोंड करून बसत नसतील, तर मी ते काढूनच टाकीन.

एक साधा प्रयोग करून पाहा. अभ्यासिका रिकामी असताना, एअर कंडिशनर नेहमीसारखे चालू ठेवून, त्या मुलाच्या जागेवर अगरबत्ती लावा आणि टॉर्चच्या झोतात धूर कुठे जातो ते बघा. अगरबत्तीच्या धुरातील बहुतेक कण एका मायक्रॉनहून लहान असतात, त्यामुळे श्वासातील बारीक कणांची वाटचाल त्यावरून बऱ्यापैकी कळते. समितीच्या सदस्यांसमोरच हा प्रयोग केलात तर मला येथे लिहिता आले नाही तेही त्यांना दिसेल.

---

फिजिशियन_शीव

वरील स्पष्टीकरणाशी मी सहमत आहे. वैद्यकीय बाजूने काही गोष्टी जोडते.

प्रथम एक सावधगिरी. आजारी पडलेल्या प्रत्येक मुलाला संसर्ग अभ्यासिकेतच झाला, असे खात्रीने म्हणता येणार नाही. इन्फ्लुएन्झाची लक्षणे संसर्गानंतर साधारण एक ते चार दिवसांत दिसतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत हा विषाणू लोकलच्या डब्यात, कार्यालयात आणि घरातही फिरत असतो. थंड प्रदेशांत फ्लूची लाट हिवाळ्यात येते, तर आपल्याकडे तिचा मोठा भर पावसाळ्यात असतो. पण एकाच खोलीत तासन्‌तास बसणारे लोक एकाच आठवड्यात आजारी पडतात तेव्हा त्या खोलीकडे संशयाने पाहणे योग्यच आहे, आणि खोली सुधारणे आपल्या हातात आहे, लोकल सुधारणे नाही.

दुसरे, लक्षणे सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासूनच फ्लूचा रुग्ण विषाणू बाहेर टाकू लागतो. म्हणून ‘खोकणाऱ्याने येऊ नये’ हा नियम आवश्यक असला तरी तो एकटा पुरा पडत नाही. तो नियम मात्र कडक ठेवा. ताप आलेल्या मुलाने औषधाशिवाय ताप उतरून पूर्ण एक दिवस होईपर्यंत घरीच राहावे, आणि त्यानंतरही खोकला असेल तर मास्क लावूनच बसावे. आपली जागा जाईल या भीतीने मुले आजार लपवतात, त्यामुळे आजारी मुलाची जागा राखून ठेवली जाईल हे समितीने लेखी सांगितले तर त्याचा उपयोग इतर कोणत्याही सूचनाफलकापेक्षा जास्त होईल, असे मला मनापासून वाटते.

मास्कबद्दल थोडे. एन-९५ मास्क चाळणीसारखा फक्त मोठे कण अडवतो, असा समज आहे. प्रत्यक्षात त्याच्या तंतूंवर विद्युतभार असतो आणि तो बारीक कणांना ओढून धरतो. सुमारे ०.३ मायक्रॉनचे कण पकडायला सर्वांत अवघड असतात आणि त्याच मापावर तो किमान ९५ टक्के कण अडवतो की नाही हे तपासलेले असते. त्याहून लहान कण हवेत वेडेवाकडे हेलकावत असल्यामुळे तंतूंवर आदळून आणखी सहज अडकतात. साबणाने धुतल्यास किंवा सॅनिटायझर फवारल्यास तो विद्युतभार नाहीसा होतो, म्हणून एन-९५ धुऊ नये. तो गालांना घट्ट बसला नाही तर हवा कडेने आत येते आणि गाळणीचा फायदा वाया जातो.

विषाणू-विषाणूंतही फरक असतो, हे समितीला सांगा. हवेतून पसरण्यात गोवराचा हात कोणी धरू शकत नाही. रुग्ण खोलीतून निघून गेल्यानंतर दोन तासांपर्यंत तेथील हवेतून संसर्ग होऊ शकतो, आणि लस न घेतलेल्या समाजात एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना आजारी पाडतो. २०२२ च्या अखेरीस गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवराची साथ आली, लहान मुले दगावली, आणि कस्तुरबा रुग्णालयात स्वतंत्र व्यवस्था करावी लागली. एवढ्या वेगाने पसरणाऱ्या आजारापुढे नुसती खिडकी पुरत नाही, तेथे नवव्या महिन्यात आणि पुढे दीड वर्षाच्या सुमारास मिळणाऱ्या लसीच्या दोन्ही मात्रा हाच खरा आधार आहे. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते आणि ती संसर्ग पूर्णपणे टाळेलच असे नाही, परंतु आजार गंभीर होण्याचा धोका ती कमी करते. अभ्यासिकेतील ज्या मुलांना दमा आहे, किंवा ज्यांच्या घरी वृद्ध, मधुमेही अथवा गरोदर व्यक्ती आहेत, त्यांना पावसाळ्याआधी ती घेण्याचा सल्ला आपापल्या डॉक्टरांकडून जरूर घ्यायला सांगा.

---

माटुंगेकर

चर्चा वाचून एक शंका मनात आली. सर्व काही हवेतूनच होत असेल, तर सॅनिटायझर, हात धुणे, टेबले पुसणे हे सर्व निरर्थक समजायचे का? आमच्या सोसायटीत अजूनही लिफ्टची बटणे पुसण्यावर खर्च होतो.

---

फिजिशियन_शीव

निरर्थक नाही, काका. हात धुण्याने जुलाब-उलट्यांचे आजार, डोळे येणे आणि काही प्रकारची सर्दी निश्चित टळते, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ते लहान काम नाही. पण इन्फ्लुएन्झा आणि कोविड यांच्या बाबतीत पृष्ठभागांवरून होणारा संसर्ग तुलनेने कमी महत्त्वाचा आहे. कोविडपुरते बोलायचे तर एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने संसर्ग होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी असल्याचे म्हटले होते. साबण ठेवा, परंतु बटणे पुसण्याचा खर्च हवेवर केला तर त्याचा अधिक लोकांना लाभ होईल.

---

वायुवीजन_घाटकोपर

इमारतींच्या हवेशी संबंधित कामे मी करतो, त्यामुळे ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे एअर कंडिशनर काढायचे का, याचे उत्तर देतो. काढण्याची गरज नाही. दोष एअर कंडिशनरच्या थंडाव्यात नसून खोलीत बाहेरची हवा न येण्यात आहे.

स्प्लिट एअर कंडिशनर बाहेरून हवा आत आणतो, असे बहुतेक लोक समजतात. तो खोलीतलीच हवा ओढतो, थंड करतो आणि परत खोलीत सोडतो. बाहेरच्या युनिटकडे जाणाऱ्या नळ्यांतून वायुरूप आणि द्रवरूप शीतक फिरते, हवा नाही. आतली प्लास्टिकची जाळी धूळ आणि केस अडवते, काही मायक्रॉनचे कण तिच्यातून आरपार जातात. आपल्याकडे दोन यंत्रे आहेत, म्हणजे दर काही मिनिटांनी खोलीतील सर्व हवा त्यांच्यातून फिरून पुन्हा सर्व टेबलांवर वाटली जाते. दाराजवळच्या खोकल्याचे कोपऱ्यापर्यंत जाणे याने सहज समजते. जानेवारी २०२० मध्ये चीनमधील ग्वांगझू येथील उपाहारगृहात शेजारच्या तीन टेबलांवरील तीन कुटुंबांतील दहा जणांना कोविड झाला, तोही याच प्रकारे. तेथेही एअर कंडिशनर तीच हवा फिरवत होता, आणि नंतर मोजल्यावर माणशी बाहेरची हवा सेकंदाला एका लिटरच्या आसपासच येत असल्याचे आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने निवासी नसलेल्या जागांसाठी माणशी सेकंदाला किमान १० लिटर सुचवले आहे.

आपली इमारत जुनी आहे, हे मी भाग्याचे समजतो. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि शहरातील वस्त्यांना हवा-उजेड मिळावा हा विचार नगररचनेत शिरला. उंच छत, दारावरची उघडणारी झडप, समोरासमोर खिडक्या, गॅलरी या गोष्टी त्या काळातल्या बांधकामात जागोजागी दिसतात. नंतरच्या काळात मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींत आपण दोन इमारतींमध्ये जेमतेम काही मीटर अंतर सोडले, खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो अशी घरे बांधली, आणि तेथील क्षयरोगाच्या प्रमाणाची चर्चा आता करत आहोत. क्षयरोग विषाणूमुळे होत नाही, पण त्याचे जंतू त्याच हवेतून जातात. पावसात भिजलेल्या भिंती रंगवण्यावर जेवढा खर्च होतो तेवढाही आपण हवेवर करत नाही, याचे मला वाईट वाटते.

ताई, नक्की उपाय सांगण्यासाठी मला खोलीची लांबी-रुंदी-उंची, एका वेळची उपस्थिती, खिडक्या कोणत्या बाजूंना आहेत आणि दारावर जुनी झडप आहे का, हे कळवा. शक्य असल्यास कार्बन डायऑक्साइड मोजणारा मीटर आणून खोली भरलेली असताना एक नोंद घ्या. मीटर एनडीआयआर सेन्सरचाच (अवरक्त प्रकाशाने हा वायू थेट मोजणारा) घ्या, कारण अगदी स्वस्त मीटरांपैकी काही मीटर हा वायू मोजतच नाहीत, इतर वायूंवरून अंदाज दाखवतात.

---

लालबागची_वाचक

सर्वांचे मनापासून आभार. अगरबत्तीचा प्रयोग दोन विश्वस्तांसमोर केला. धुराची रेघ प्रथम वर गेली, एअर कंडिशनरच्या झोतात सापडली आणि काही मिनिटांत टॉर्चच्या उजेडात धूसर पट्टा समोरच्या कोपऱ्यातही स्पष्ट दिसू लागला. त्यानंतर ‘तिथवर पोहोचलेच कसे’ हा प्रश्न कोणी विचारला नाही.

माहिती देते. खोली ३० फूट लांब, २० फूट रुंद आणि १० फूट उंच आहे, आणि रात्री साधारण ३० मुले बसतात. रस्त्याच्या बाजूला तीन खिडक्या आहेत. दार गॅलरीत उघडते, त्यावर काचेची जुनी झडप आहे, पण एअर कंडिशनर बसवताना ती प्लायवूड ठोकून बंद केली गेली. एका मैत्रिणीच्या कार्यालयातून मीटर आणला. खोली भरलेली असताना त्यावर २,४०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २,४०० भाग) दिसले.

दोन अडचणी आहेत. रस्त्यावर सतत बांधकामाची धूळ आणि वाहनांचा आवाज असतो, आणि पावसात खिडकीतून पाणी पुस्तकांवर येते. मागच्या बाजूला इमारतीच्या आतला डक्ट आहे, त्यात सर्वांच्या शौचालयांच्या खिडक्या उघडतात. एक्झॉस्ट पंखा त्या डक्टमध्ये सोडावा, असे एका कारागिराने सुचवले आहे.

---

सूक्ष्मकण_पवई

२,४०० या आकड्याचा अर्थ सांगतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ४२० पीपीएम असतो आणि आपण सोडलेल्या श्वासात जवळजवळ ३८,००० पीपीएम. बाहेरच्यापेक्षा खोलीत जी सुमारे २,००० पीपीएमची वाढ दिसते, ती सर्व तेथील माणसांच्या श्वासांतून आलेली आहे. २,००० भागिले ३८,००० म्हणजे साधारण पाच टक्के. प्रत्येक मुलाच्या वीस श्वासांमागे एक श्वासभर हवा इतर कोणाच्या तरी फुप्फुसांतून नुकतीच बाहेर आलेली असते. हाच आकडा ९०० पर्यंत खाली आणला, तर ते प्रमाण ऐंशी श्वासांमागे एक इतके उतरते. कार्बन डायऑक्साइड स्वतः येथे आजार देत नाही, तो केवळ सामायिक हवेचे माप आहे.

धुळीच्या दिवसांसाठी हेपा गाळणीचा (अतिशय बारीक कणही अडवणाऱ्या गाळणीचा) एअर प्युरिफायर पूरक म्हणून ठेवता येईल. तो विषाणूवाहक कण आणि धूळ दोन्ही काढतो, मात्र कार्बन डायऑक्साइड कमी करत नाही, त्यामुळे मीटरवर त्याचा परिणाम दिसणार नाही. खोलीचे आकारमान सुमारे १७० घनमीटर आहे. ताशी ३०० घनमीटर स्वच्छ हवा देणारे एक यंत्र तासाला पावणेदोन वेळा हवा बदलल्याइतके काम करते. एकट्याने ते पुरेसे नाही, पण त्याची भर मोलाची आहे. आयनायझर किंवा ओझोन सोडणारी यंत्रे कोणी विकायला आणली तर घेऊ नका, ओझोन श्वासनलिकेला अपायकारक असतो.

---

वायुवीजन_घाटकोपर

आधी डक्टबद्दल, कारण तो सल्ला धोक्याचा आहे. पंखा त्या डक्टमध्ये मुळीच सोडू नका. तुमची दूषित हवा वरच्या-खालच्या घरांच्या शौचालयांत शिरेल, आणि वारा उलटा असेल तेव्हा त्यांची हवा तुमच्याकडे येईल. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्स या करोनाविषाणूच्या श्वसनरोगाची लागण तीनशेहून अधिक रहिवाशांना झाली, त्यात कोरडे पडलेले सांडपाण्याचे ट्रॅप (पाणी साचून नळातील हवा अडवणारी वळणे), न्हाणीघरांतील एक्झॉस्ट पंखे आणि इमारतींमधील अरुंद पोकळी यांचा वाटा असल्याचे तपासात दिसून आले. जाता जाता सांगतो, अभ्यासिकेच्या स्वच्छतागृहातील जमिनीवरच्या जाळीत नियमित पाणी ओतत राहा, म्हणजे ट्रॅप कोरडा पडणार नाही.

आता हिशोब. ३० मुलांना माणशी सेकंदाला १० लिटर, म्हणजे ताशी १,०८० घनमीटर बाहेरची हवा लागेल. तुमच्या खोलीत हे तासाला सहा-साडेसहा वेळा हवा बदलण्याइतके होते, आणि त्या स्थितीत मीटर ९०० च्या आसपास स्थिरावायला हवा. तासाला सहा वेळा हवा बदलत असेल तर खोलीत साचलेले ९९ टक्के कण निघून जायला सुमारे पाऊण तास लागतो. बंद खोलीत तेच कण कितीतरी तास फिरत राहतात.

रस्त्याकडील खिडक्यांपैकी दोन खिडक्यांच्या वरच्या तावदानांत बारा-बारा इंची एक्झॉस्ट पंखे बसवा, बाहेरून पावसाळी झडप आणि उताराचे छप्पर लावा. एका पंख्यावर छापलेली क्षमता कागदावर पुरेशी वाटेल, पण जाळी, झडप आणि वारा यांमुळे प्रत्यक्षात ती बरीच घटते, म्हणून दोन घ्या आणि दोन्ही कमी वेगावर चालवा, म्हणजे आवाजही कमी होईल. पंखे हवा बाहेर फेकत असल्यामुळे रस्त्याची धूळ त्या बाजूने आत येणार नाही. आत येणारी हवा समोरच्या बाजूने, म्हणजे गॅलरीकडून यायला हवी. त्यासाठी दारावरचे प्लायवूड काढा, काचेची झडप पुन्हा उघडी करा आणि तिला डासांची जाळी लावा. ती अरुंद असेल तर दाराच्या खालच्या भागातही जाळीचे झरोके पाडा. हवा गॅलरीतून शिरेल, सर्व टेबलांवरून जाईल आणि रस्त्याकडे निघेल. पंखे खोलीच्या एका टोकाला आणि हवा येण्याची जागा त्यांच्या शेजारीच असेल, तर ताजी हवा आल्या वाटेने निघून जाते आणि कोपरे तसेच राहतात, ही चूक मी पुष्कळ ठिकाणी पाहतो.

एअर कंडिशनर चालू ठेवा. विजेचे बिल वाढेल, हे समितीला आधीच सांगा. तापमान २६ अंशांवर ठेवून छताचे पंखे मंद सोडले तर मुलांना गारवा पुरतो आणि वाढही आटोक्यात राहते.

काम झाल्यावर मीटर दाराजवळ ठेवू नका, तेथे आकडा नेहमीच चांगला दिसतो. तो समोरच्या भिंतीच्या कोपऱ्यात, बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवर, पण कोणाच्या तोंडापासून हातभर दूर ठेवा, आणि खोली पूर्ण भरून एक तास झाल्यानंतरची नोंद येथे कळवा. १,००० च्या वर असेल तर दाराखालचे झरोके वाढवावे लागतील, आणि त्यांचे माप मी काढून देईन.